चिठ्ठी लिहिण्याआधी



  आज तुम्ही पदवी घेता आहात. कौतुकाचे शब्द तुम्हाला पुष्कळ ऐकायला मिळतील, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मी देवरी तालुक्यातल्या चिचगडला जनरल प्रॅक्टिस करते, तेव्हा चिचगडबद्दलच बोलते.

गोंदियातलं हे वैद्यकीय महाविद्यालय 2016 साली सुरू झालं. मी चिचगडला आले तेव्हा महाविद्यालय सोडा, गोंदिया जिल्हाही नव्हता. भंडाऱ्यापासून तो वेगळा झाला 1 मे 1999 ला. तोवर आमचं जिल्ह्याचं गाव भंडारा. आजार मोठा असला की लोक नागपूर गाठायचे, नाहीतर सीमा ओलांडून राजनांदगाव आणि रायपूर. देवरीला हायवे आहे, मुंबई ते कोलकाता जाणारा. हायवेवर उभं राहिलं की सगळा देश जवळ वाटतो. पण देवरीहून आत वळलं, जंगल सुरू झालं की अंतराचा हिशेब बदलतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ककोडीकडची माणसं पलीकडे अडकून पडायची, आणि रात्रीच्या वेळी त्या रस्त्याने गाडी काढायला कोणी तयार नसायचं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. हा भाग बरीच वर्षं नक्षलग्रस्त म्हणूनच ओळखला गेला.

मी शिकले नागपूरच्या मेडिकलला. इंटर्नशिप संपत आली तेव्हा सगळे एकमेकांना विचारत होते, पीजी कशात? मी म्हटलं, मी प्रॅक्टिस करणार, गावात. आमच्या एका सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नापास झाले. ‘फक्त एमबीबीएस?’ हे दोन शब्द मी तेव्हापासून ऐकत आले आहे. लग्नाच्या बोलणीत ऐकले, परिषदांमधल्या जेवणाच्या रांगेत ऐकले. आजही ऐकते. आता त्याचा राग येत नाही, पण दुःख होतं. कारण तो ‘फक्त’ तुमच्याही वाट्याला येणार आहे, आणि त्याला घाबरून तुमच्यातली चांगली मुलं हे काम टाळणार आहेत.

चिचगडला मी जे पहिलं शिकले ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. तिथे पैशाला ऋतू असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मजुरी मिळते, तेव्हा घरात रोकड असते. त्याआधी मोहफुलं वेचली जातात, त्याचे थोडेफार पैसे येतात. मग पाऊस पडतो, पऱ्हे टाकले जातात, रोवणी लागते आणि हातातला पैसा बी-खतात जातो. धान चुरून विकेपर्यंत, म्हणजे थेट दिवाळीनंतरपर्यंत, घरात नोट दिसत नाही. आणि आजार येतो नेमका या मधल्या काळात. मलेरिया पावसाळ्यात, हगवण पावसाळ्यात, साप चावतो तोही रोवणीच्या दिवसांत. माणूस तापाने फणफणलेला असतो, खिशात काही नसतं आणि एक दिवस बांधीत गेलं नाही तर मजुरी बुडते. ‘धान चुरले का देतो, बाई,’ असं म्हणणारा माणूस फसवणारा नसतो. तो त्याच्या वर्षाचं वेळापत्रक सांगत असतो. माझ्या दवाखान्यात उधारीची वही असायची. डिसेंबर-जानेवारीत लोक स्वतः येऊन नावापुढे काट मारून जायचे.

सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी हीच गोष्ट फार मोठ्या पातळीवर ओळखली होती. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये त्यांनी ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा उभा केला. सुगी झाली की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचारांची हमी मिळायची. शेतकऱ्याकडे पैसा कधी असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच अशी योजना सुचते. विमा कंपनीच्या कार्यालयात बसून ती सुचत नाही.

आणखी एक हिशेब सांगते. ककोडीकडच्या एखाद्या गावातून बाई गोंदियाला तपासणीला जाते, तेव्हा ती एकटी जात नाही. सोबत नवरा किंवा भाऊ असतो. दोघांचं गाडीभाडं, दोघांची बुडालेली मजुरी, एक रात्र मुक्काम, दोन वेळचं जेवण, आणि घरी लेकरं कुणाच्या तरी भरवशावर. डॉक्टरची फी या सगळ्यात लहान आकडा असतो. सरकारी दवाखान्यात केसपेपर फुकट मिळाला तरी तिचा खर्च झालेलाच असतो. म्हणून उपचार परवडणं आणि उपचार जवळ असणं या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत. तिच्या गावाजवळ तिला ओळखणारा एक डॉक्टर असेल, तर अशा बहुतेक फेऱ्या लागतच नाहीत. आरोग्यावरचा खर्च कमी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग मी पाहिलेला नाही.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. हातपाय दुखायचे, सांधे सुजायचे, अधूनमधून ताप, डोळे पिवळे. घरच्यांनी त्याला एका मोठ्या शहरात नेलं. तिथे वात म्हणून औषधं झाली, टीबी असेल म्हणून तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले, पाठोपाठ सलाईनच्या बाटल्या झाल्या. दोन वर्षांत बापाने धानाची बांधी गहाण टाकली. मग पैसे संपले म्हणून ते माझ्याकडे आले. आजी सोबत होती. तिला मी ओळखत होते, तिच्या दोन सुनांची बाळंतपणं मी केली होती. मी सहज विचारलं, तुमचा धाकटा दीर गेला तो कशाने? ती म्हणाली, ‘त्याचेही डोळे असेच पिवळे होत, बाई. हाडं दुखत म्हणून रात्रभर रडे.’ मी सोल्युबिलिटी टेस्ट केली. काही रुपयांची तपासणी. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं झालं, सिकलसेल.

त्या शहरातले डॉक्टर माझ्याहून जास्त शिकलेले होते, यंत्रं उत्तम होती. पण त्यांच्यापुढे एक फाईल आली होती, माझ्यापुढे एक घर आलं होतं. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल किती घरांत आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. 2023 च्या 1 जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चांगलं झालं. पण अभियानाची गाडी गावात येऊन रक्त तपासून जाते. त्या पोराला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षं मिळतंय का, थंडीच्या दिवसांत त्याला दुखणं उठलं तर कुणाकडे जायचं, त्याच्या बहिणीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांची तपासणी झाली का, हे पाहायला तिथे राहणारा कोणीतरी लागतो.

त्या पोराच्या बापाची बांधी सावकाराकडून सुटली की नाही, हे मला सांगता आलं तर बरं वाटलं असतं. ती सुटली नाही. आणि इथून मी त्या गोष्टीकडे येते, जी सांगण्यासाठी मी आज इथे आले आहे.

त्या शहरातल्या तपासण्यांच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. तीच तपासणी तीन-तीनदा झालेली होती, निष्कर्ष तोच. उपचारात काहीही बदलणार नव्हतं, तरी चिठ्ठी लिहिली गेली. का लिहिली गेली याचं उत्तर मला काही महिन्यांनी माझ्याच दवाखान्यात मिळालं. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण आला. कुठल्या रुग्णालयाचा, ते सांगत नाही. माझ्या टेबलावर त्याने एक पाकीट ठेवलं. म्हणाला, ‘मॅडम, मागच्या महिन्यात तुमचे तीन पेशंट आमच्याकडे आले. हा तुमचा हिस्सा.’ मी म्हटलं, त्यांना मी पाठवलंच नव्हतं, ते आपापले गेले होते. तो म्हणाला, ‘पुढे पाठवाल म्हणून.’ आणि मग ते वाक्य, जे तुम्हीही ऐकणार आहात: ‘पेशंटला यात काही फरक पडत नाही, मॅडम.’

फरक पडतो. समजा बिल तीस हजारांचं आहे आणि त्यातले नऊ हजार चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे परत येतात. हे नऊ हजार रुग्णालय आपल्या खिशातून देत नाही. ते बिलात आधीच चढवलेले असतात. म्हणजे बांधी गहाण टाकून माणूस जे पैसे आणतो, त्यातले काही पैसे तो ज्या डॉक्टरवर विश्वास ठेवून गेला त्याच डॉक्टरला पोचतात, त्याला न कळता. आणि एकदा हे सुरू झालं की रुग्णाला कुठे पाठवायचं हे आजारावरून ठरत नाही. जिथून जास्त परत येतं तिथे पाठवलं जातं. पुढे पुढे तर पाठवण्याची गरजच नसते तेव्हाही पाठवलं जातं. ते पाकीट मी त्याच्या हातात परत दिलं आणि त्याला दार दाखवलं. पण त्या रस्त्यावरची पुढची सगळी दारं बंद नव्हती, हे मला माहीत आहे.

मुलांनो, हे बेकायदा आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत कमिशन घेणं आणि देणं, दोन्ही मना आहे. 2017 साली महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळा कायदा करायचं ठरवलं, निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मसुदाही तयार झाला. मसुद्याचा कायदा झाला नाही. आपल्याच व्यवसायातल्या अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली, की डॉक्टरांची बदनामी होते म्हणून. बदनामी मसुद्याने होत नव्हती.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला विंचूदंशामुळे माहीत असतील. 1976 च्या सुमाराला ते रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं, धडधाकट माणसं डोळ्यांदेखत मरत. हे बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून पाहत राहिले, नोंदी ठेवत राहिले, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. 2013 मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना 1,200 रुपयांचा धनादेश पाठवला. त्यांनी त्याविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. बाराशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं तेव्हा कितीतरी डॉक्टर म्हणाले. ज्याने एका स्वस्त गोळीने शेकडो जीव वाचवले, त्याला बाराशे रुपयांचं मोल कळत होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, आता योजना आहेत, कार्ड आहे, खर्चाची काळजी कशाला? खरं आहे, योजना आल्या. 2012 च्या जुलैत आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये आयुष्मान भारत आली. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. मी या योजनांमुळे हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेली, डायलिसिस मिळालेली माणसं पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मी वाकडा शब्द बोलणार नाही. देशाचे आकडेही सांगतात की आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला.

पण ही कार्डं चालतात ती रुग्णालयात दाखल झाल्यावर. चिचगडच्या आठवडी बाजारात धान विकायला आलेला माणूस बीपीची गोळी घेतो, त्याला कार्ड उपयोगी पडत नाही. ती गोळी त्याने बंद केली आणि अर्धांग झाला, की मग कार्ड चालतं. सरकार त्याच्या अर्धांगासाठी लाख रुपये देईल. दोन रुपयांच्या गोळीसाठी महिन्याला साठ रुपये देणारी आणि ती गोळी तो खातोय का हे विचारणारी व्यवस्था मात्र दुबळी आहे. ती व्यवस्था म्हणजे चिचगडचं ग्रामीण रुग्णालय, तिथल्या आशाताई, उपकेंद्रातली नर्स आणि माझ्यासारखा गावातला डॉक्टर. 2005 नंतर आशा आल्या आणि मलेरियाचं चित्र पालटलं. आधी काचपट्टीवर रक्त घेऊन जायचे, अहवाल यायला दिवस लागायचे, तोवर फॅल्सिपॅरम मलेरिया मेंदूत चढलेला असायचा. आता पाड्यावरच किटने तपासणी होते आणि त्याच दिवशी औषध सुरू होतं. त्या एका किटने किती कुटुंबांचं कर्ज वाचवलं, याचा हिशेब कुठल्याही योजनेच्या फलकावर लागत नाही.

वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाचं, पूर्वी कोळसा खाणीचं असलेलं एक खेडं आहे. तिथे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर 1960 च्या दशकापासून जनरल प्रॅक्टिस करत होता. त्याने दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली, मग तो खोकल्यासाठी आलेला का असेना. ज्याचा वाढलेला निघे, त्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षं. पंचवीस वर्षांनी त्याने हिशेब मांडला, तेव्हा त्याच्या गावातले अकाली मृत्यू शेजारच्या तशाच खाणगावापेक्षा कमी निघाले. याच माणसाने 1971 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की जिथे गरज सर्वांत जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोचते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितकी ही विषमता वाढते. त्याने ते वेल्सच्या खाणगावात बसून लिहिलं. मी ते देवरी तालुक्यात रोज पाहिलं आहे.

नॉर्वेतलाही एक अभ्यास आहे, 2021 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये आलेला. सुमारे 45 लाख लोकांची नोंद त्यांनी पाहिली. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने दाखल व्हावं लागण्याचं आणि मरणाचं प्रमाण, डॉक्टर नुकताच बदललेल्यांच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी होतं. औषध तेच, रुग्णालयं तीच. फरक एवढाच की समोरचा माणूस ओळखीचा होता. चिचगडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने अभ्यासाआधीच सांगितलं असतं.

माझ्याच ओळखीच्या एका म्हाताऱ्याचं सांगते. मी त्याला बीपीची गोळी देत होते. मुलगा त्याला शहरात घेऊन गेला, तिथे नव्या कंपनीची गोळी लिहून मिळाली. औषध तेच, नाव वेगळं, रंग वेगळा. म्हातारा इमानदार, दोन्ही खात राहिला. उठला की चक्कर येऊन पडायचा. पडला म्हणून डोक्याचा स्कॅन झाला, चक्कर येते म्हणून आणखी एक गोळी वाढली. त्याने पिशवी माझ्यापुढे उलटी केली तेव्हा मला दिसलं. एक गोळी बंद केली, म्हातारा चालायला लागला. 1975 मध्ये हाथी समितीने सांगितलं होतं की औषधं मूळ नावाने लिहा. पन्नास वर्षं झाली. जन औषधी केंद्रं 2008 पासून आहेत. आपण तरी अजून रंग आणि कंपन्या लिहितोच आहोत.

माझी मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांविषयीची जुनी तक्रार याच पिशवीत आहे. मी रुग्ण पाठवते तेव्हा सोबत पत्र लिहिते. आजार केव्हा सुरू झाला, कोणती औषधं दिली, कशाची ॲलर्जी आहे, घरी कोण आहे, किती खर्च झेपेल. रुग्ण परत येतो जाडजूड फाईल घेऊन, आणि त्यात माझ्यासाठी एक ओळ नसते. काय निदान झालं, पुढे मी काय पाहायचं, कधी परत पाठवायचं, काहीच नाही. पाकीट देणारा माणूस आला, पण पत्राचं उत्तर आलं नाही. तुमच्यातले जे पुढे सर्जन होतील, फिजिशियन होतील, त्यांना मी हात जोडून सांगते: चिचगडहून, सालेकसाहून, अर्जुनी मोरगावहून आलेल्या चिठ्ठीला उत्तर द्या. चार ओळी पुरतात. त्या चार ओळींमुळे रुग्णाची पुढची फेरी वाचते, दोनदा होणारी तपासणी वाचते.

2017 च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली. औषधी लेप असलेला स्टेंट त्याआधी लाखाच्या पुढे जायचा, तो 29,600 रुपयांवर आला. मला फार आनंद झाला. पण किंमत सरकार बांधू शकतं; या माणसाला स्टेंटची गरज आहे का, हे सरकार ठरवू शकत नाही. ते तुमच्या चिठ्ठीवर ठरतं.

इथून दूर नसलेल्या दल्ली-राजहऱ्याला लोहखाणीच्या मजुरांनी 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभं केलं. कामगार नेते शंकर गुहा नियोगींची ती माणसं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये गेले आणि ज्या बायांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांना वाचवण्याची पद्धत उभी केली, आज ती देशभर वापरली जाते. ही नावं तुम्ही भाषणांत ऐकली असतील. त्यांना देव्हाऱ्यात बसवून नमस्कार केला की आपलं काम संपलं, असं आपल्याकडे होतं. मला त्यांच्याकडून एवढंच घ्यावंसं वाटतं की त्यांनी आधी विचारलं, इथल्या माणसाला काय परवडतं आणि तो कुठवर चालत येऊ शकतो. औषधशास्त्र त्यानंतर आलं.

आपल्या शिक्षणात हे मागे राहतं. वॉर्डात तुम्ही दुर्मीळ सिंड्रोम पाहिलेत, पण तीनशे रुपयांत डायबेटिस कसा सांभाळायचा हे कुणी शिकवलं का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देण्याचं म्हटलं आहे. जागा मात्र अजून मोजक्याच आहेत. तुमच्या मागून येणाऱ्या तुकड्यांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यायला सांगितलं आहे. त्या मुलांनी ते जर्नल भरण्यापुरतं करू नये, ही माझी इच्छा. एका घराच्या चुलीपाशी बसून त्यांनी खर्चाचा हिशेब मांडून पाहावा.

आणि बंधपत्र. एक वर्ष ग्रामीण सेवा करायची. मला वाईट याचं वाटतं की हे वर्ष शिक्षेसारखं मोजलं जातं. मुलं दिवस मोजतात, बदली शोधतात, पीजीची पुस्तकं उघडून बसतात. गावाला ते कळतं. लोक म्हणतात, ‘नवीन डॉक्टर आला, पण राहणारा नाही.’ मग ते त्याला आजार अर्धाच सांगतात.

तुम्ही सगळ्यांनी खेड्यात यावं, असं मी म्हणणार नाही. ज्याला न्यूरोसर्जन व्हायचंय त्याने व्हावं, आम्हाला त्याची गरज आहे. पण तुम्ही कुठेही बसा, हातात पेन असेल आणि पुढ्यात चिठ्ठी. ती तपासणीची असेल, औषधाची असेल, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची असेल. लिहिण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. याने उपचारात काही बदल होईल का? आणि याचे पैसे हा माणूस कुठून आणणार आहे? दुसरा प्रश्न त्यालाही विचारा, मोठ्याने. तो लाजेल, तरी विचारा. तो म्हणाला की शेत गहाण ठेवतो, तर पुन्हा पहिल्या प्रश्नावर जा.

तुमची चिठ्ठी विकू नका. पहिलं पाकीट तुमच्याकडे लवकर येईल, कदाचित याच वर्षी, आणि आणणारा माणूस गोड बोलणारा असेल. कर्ज असेल, दवाखान्याचं भाडं असेल, शेजारचा डॉक्टर घेत असेल. तरी त्याच दिवशी, तिथेच नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलंत हे बाजारात दोन दिवसांत पसरतं, आणि मग तो माणूस पुन्हा येत नाही. तुमची प्रॅक्टिस त्याने बुडत नाही. माझी बुडाली नाही. ज्या भागात माणसं उधारीच्या वहीतली रक्कम स्वतः येऊन फेडतात, तिथे प्रामाणिक डॉक्टर उपाशी राहत नाही.

ज्यांचं बंधपत्राचं वर्ष बाकी आहे, त्यांनी देवरी तालुका मागून घ्यावा. चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयात काम भरपूर आहे आणि शिकायला त्याहून जास्त. माझा दवाखाना तिथून जवळच आहे. रोवणीच्या दिवसांत या. मलेरिया, सर्पदंश, बाळंतपण आणि रिकामे खिसे एकाच ओपीडीत पाहायला मिळतील, आणि त्या चार गोष्टी एकत्र सांभाळता आल्या की तुम्हाला ‘फक्त एमबीबीएस’ म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.